झाऱ्यातली एकेचाळीस भोकं

गिरीश वर्तकचं नाव कुठे छापून आलेलं दिसलं की पद्माकर टिपणीसच्या पोटात दुखायचं. आपण बोलताना म्हणतो तसं नव्हे, खरंच दुखायचं. बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला. सुलक्षणानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदा त्याला बळेच सर्जरीत, म्हणजे तिकडच्या दवाखान्यात, नेलं. डॉक्टरनं खडूच्या चवीचं पांढरं औषध दिलं आणि विचारलं, कामाचा ताण आहे का? पद्माकर म्हणाला, नाही. ते खरंच होतं. बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कमध्ये एका विमा कंपनीसाठी तो प्रोग्रॅम लिहायचा, साडेपाचला घरी यायचा आणि शनिवारी लॉन कापायचा. त्याचा ताण होता चारशे मैलांवर, ग्लासगोच्या युनिव्हर्सिटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका केबिनमध्ये.

दोघं सांगलीच्या एकाच कॉलेजातले. १९७९ साली एकाच विमानानं इंग्लंडला आले, एकाच कंपनीत चिकटले, आणि रेडिंगला एका आयरिश बाईच्या घरातली वरची खोली दोघांत घेऊन राहिले. त्या खोलीत त्यांना एक खोड लागली. प्रोग्रॅम तपासायचा तर चारदोन ओळींचा लुटुपुटीचा प्रोग्रॅम लिहावा लागतो, आणि त्यात कसलीतरी नावं द्यावी लागतात. लोक एक्स, वाय, झेड देतात. हे दोघे रेडिंगच्या बाजारात न मिळणाऱ्या भाज्यांची नावं द्यायचे. पडवळ, दोडका, कारलं, शेपू. एका साहेबानं तर पडवळ ही विम्यातली काही संज्ञा असावी अशा समजुतीनं तो शब्द मीटिंगमध्ये दोनदा वापरला होता. गिरीश ८५ साली अर्ध्या पगारावर युनिव्हर्सिटीत गेला आणि त्याची खोड सुटली. पद्माकरच्या हाताला ती तशीच राहिली. लिहिताना आता त्याला ती नावं दिसतही नसत.

पद्माकरला हयातीत एकच गोष्ट हवी होती. आपण केलेल्या एखाद्या वस्तूवर आपलं नाव असावं. विम्याच्या प्रोग्रॅमवर कुणाचं नाव नसतं. ते चाललं तर कंपनीचं आणि बिघडलं तर तुमचं. आणि अशी वस्तू त्याच्याकडे होती. तिचं नाव ‘चाळणी’.

तेव्हा सगळं सी भाषेत लिहायचे. सीमध्ये लिहिलेलं कंपायलरमधून काढलं की मशीनला कळणारा प्रोग्रॅम तयार होतो, वेगानं पळतो, पण त्याला एक वाईट सवय असते. तो चालताना मशीनकडून थोडी थोडी मेमरी मागून घेतो आणि परत करायचं विसरतो. शेजारणीकडून वाटी वाटी साखर न्यावी आणि वाट्याही परत करू नयेत, तसं. एक दिवस शेजारीण दार लावून घेते आणि प्रोग्रॅम आडवा होतो. कुठल्या ओळीवर नेलेली वाटी परत आली नाही हे शोधून सांगणारं हत्यार म्हणजे चाळणी. १९८४ पासून पद्माकर ती करत होता. साहेबाला दाखवली, तर साहेब म्हणाला, “व्हेरी नाइस, पॅडी,” आणि चहा प्यायला गेला. मग पद्माकरनं ठरवलं की पूर्ण होईपर्यंत कुणाला दाखवायची नाही. कोण कधी ढापेल सांगता येत नाही. फ्लॉप्या चॉकलेटच्या रिकाम्या डब्यात घालून त्यानं तो डबा बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे ठेवला. पूर्ण होणं राहतच गेलं.

९१ साली गिरीशनं ‘झारा’ काढला.

तेच काम. तळणातलं उरलंसुरलं उचलून काढणारा, म्हणून झारा. नावसुद्धा स्वैपाकघरातलं! आणि गिरीशनं तो फुकट वाटला. फुकट म्हणजे नुसतं हत्यारच नव्हे, त्याचा सगळा कोड, उघडा. ‘ओपन सोर्स’ हा शब्द अजून जन्माला यायचा होता, पण रीत होती. ज्याच्याकडे नेटवर्क होतं त्यानं नेटवर्कवरून घ्यायचा. ज्याच्याकडे नव्हतं त्यानं कोरी फ्लॉपी आणि परतीचं तिकीट लावलेलं पाकीट ग्लासगोला पाठवायचं. वाचा, बदला, चूक सापडली तर कळवा. सहा महिन्यांत झारा जर्मनीत गेला, जपानमध्ये गेला. कॉम्प्युटरवाल्यांच्या मासिकात पानभर लेख आला, गिरीशच्या फोटोसकट.

“बघा तरी,” सुलक्षणा म्हणाली. ती कौन्सिलच्या हाउसिंग खात्यात नोकरीला होती, तिथल्या कोणीतरी तिला ते मासिक दिलं होतं. “गिरीशभावोजी किती छान आलेत फोटोत! फोन करून कॉंग्रॅच्युलेट तरी करा.”

पद्माकरनं फोन केला. “ग्रेट रे,” म्हणाला. “मनापासून आनंद झाला.” आणि फोन ठेवून पांढऱ्या औषधाचे दोन चमचे घेतले. चाळणी सात वर्षं जुनी होती. झारा सहा महिन्यांचा. पण जगात पहिला कोण आला? ज्यानं दार उघडं टाकलं तो. टॉवेलांमागे बसलेल्याला कोण विचारतो? पद्माकरच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला राग धरायला जागा नव्हती. गिरीशनं काही चोरलं नव्हतं. त्यानं चाळणी कधी पाहिलीच नव्हती.

पुढच्या वर्षी पद्माकरनं घरी मॉडेम घेतला आणि पहिलं काम काय केलं असेल, तर झारा उतरवून घेतला. मग चाळणीचा डबा बाहेर काढला आणि झारा चाळणीत घातला. दोन मिनिटांत चाळणीनं दाखवून दिलं की दुसऱ्यांच्या वाट्या मोजणारा झारा स्वतःच एक वाटी परत करायला विसरतो!

पद्माकरला इतका आनंद मुलगी झाली तेव्हा झाला होता. आता हे गिरीशला फोनवर सांगता आलं असतं. मित्रानं तेच केलं असतं. पण झाऱ्याची एक मेलिंग लिस्ट होती. तिथे लिहिलेलं जगभरच्या सगळ्या वापरणाऱ्यांना जायचं. पाणउतारा व्हायचा तर तिथे व्हायला हवा. फक्त स्वतःच्या नावानं कसं लिहिणार? खिडकीतून समोरच्या घरावर इस्टेट एजंटची ‘फॉर सेल’ पाटी दिसत होती. तिच्यावरचं एक आडनाव त्यानं उचललं. डी. हॅरिस. नवीन मेल-पत्ता उघडला, नेहमीपेक्षा आखूड, करडं इंग्रजी लिहिलं, खाली चूक दाखवणारा अकरा ओळींचा नमुना प्रोग्रॅम जोडला आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी गिरीशचं उत्तर लिस्टवर हजर. ‘उत्तम पकडलंत. दुरुस्त केलंय. मनापासून आभार.’

पद्माकर तोंडात मारल्यासारखा बसून राहिला. लोक हसायचे सोडून हॅरिसचं कौतुक करत होते. आणि झाऱ्याची पुढची आवृत्ती आली तेव्हा तिच्या सोबतच्या ‘थँक्स’ नावाच्या फाइलमध्ये एक नवीन ओळ होती. ही त्या लोकांची रीतच होती. ज्यानं चूक दाखवली, त्याचं नाव त्या फाइलमध्ये जायचं. ज्यानं जास्त चुका दाखवल्या, त्याचं नाव वर. सगळ्यात खाली, तिसाव्या जागी लिहिलं होतं, ‘डी. हॅरिस, इंग्लंड’.

मग पद्माकर पेटला. एका चुकीनं भागलं नाही तर दहा काढू. त्यासाठी झाऱ्याचा कोड ओळीनं वाचावा लागला, बारा हजार ओळी. वाचताना काही ठिकाणी तर काम इतकं सुबक होतं की तो उठून बागेत जायचा आणि लॉन नसेल वाढलं तरी कापायचा. चाळणी पुरी करायचं राहून गेलं. चाळणीला आता एकच काम उरलं होतं, झाऱ्यातली भोकं मोजणं. दर महिना-दोन महिन्यांनी हॅरिसचं पत्र जायचं. गिरीशचं तेच उत्तर यायचं. हॅरिस थँक्समध्ये विसाव्या जागी आला, मग आठव्या, मग तिसऱ्या. ९५ च्या नाताळात हॅरिस पहिला होता. म्युनिकच्या एका जर्मनानं लिस्टवर लिहिलं, ‘हॅरिससारखा माणूस दहा वर्षांत एकदा होतो.’

ते वाचलं आणि पद्माकरच्या डाव्या बरगडीखाली पुन्हा कळ आली. आधी त्याला वाटलं, नेहमीची. मग त्याच्या लक्षात आलं की ही गिरीशसाठी नाही. ही हॅरिससाठी होती. त्याला हॅरिसचा हेवा वाटत होता! राबायचं पद्माकरनं, डोळे फोडायचे पद्माकरनं, आणि जर्मन माणसाचं कौतुक खायचं पाटीवरून उचललेल्या एका आडनावानं.

त्याच सुमारास पद्माकरच्या कंपनीनं झारा वापरायला घेतला. वर्षाच्या शेवटच्या अप्रेझलमध्ये साहेब त्याला म्हणाला, “पॅडी, तुझं काम चोख आहे. पण इनिशिएटिव्ह कमी पडतो. तो झारावाला हॅरिस बघ. आपल्याच भागातला आहे म्हणतात. तसं काहीतरी कर.” पद्माकरनं मान डोलावली. काय सांगणार होता?

घरी आला तर मुलगी, शिल्पा, त्याच्या मशीनसमोर. तेरा वर्षांची, शाळेसाठी काहीतरी लिहीत होती. थँक्स फाइल तिनं उघडली होती.

“बाबा, हे गिरीशकाकाचा लिस्ट आहे ना? तुझा नाव कुठे आहे?”

“नाहीये.”

“का? तू तर रोज हेच करतो.” तिनं बोट वर नेलं. “हा हॅरिस कोण आहे? तो नंबर वन आहे.”

“आहे एक माणूस,” पद्माकर म्हणाला आणि बूट न काढताच बागेत गेला.

९६ च्या मे महिन्यात बेसिंगस्टोकच्या एका हॉटेलात प्रोग्रॅमरांचं संमेलन भरलं. गिरीशचं भाषण होतं, शनिवारी दुपारी. साहजिकच तो पद्माकरकडे उतरला. सुलक्षणानं भरली वांगी केली. गिरीश तिला म्हणाला, “वहिनी, ग्लासगोत असलं काही मिळत नाही हो, आय मिस धिस,” आणि तीनदा वाढून घेतलं. पद्माकरला त्याची भूकसुद्धा डोळ्यांत खुपत होती. मनात मात्र त्याचा बेत पक्का होता. एकेचाळीस भोकं दाखवून झाली होती. बेचाळिसावं मोठं होतं, आणि ते त्यानं राखून ठेवलं होतं. भाषण संपल्यावर उभं राहून, दोनशे माणसांसमोर, स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या नावानं विचारायचं. मग बघू.

सुलक्षणाही हौसेनं हॉलमध्ये आली. पद्माकर तिच्या शेजारी बसला, प्रश्न लिहिलेला कागद खिशात घेऊन. गिरीश छान बोलत होता, तेही खुपलं. शेवटी तो म्हणाला, “झारा मी सुरू केला, पण उभा केला तो एका माणसानं. मी त्याला कधी पाहिलं नाही. डी. हॅरिस. त्याची पत्रं म्हणजे चूक कशी दाखवावी याचा धडा आहे. हे बघा त्याचं पहिलं पत्र.” आणि त्यानं प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद ठेवला.

पडद्यावर, हातभर उंचीच्या रोमन अक्षरांत, अकरा ओळी. पडवळ बरोबर शून्य. दोडका बरोबर पडवळ अधिक एक. आणि परत न केलेली ती वाटी होती कारल्याची.

हॉलमध्ये सगळे गंभीरपणे वाचत होते. एकटी सुलक्षणा फसकन हसली. “अगंबाई! अहो, हे तर तुमचंच,” ती म्हणाली आणि त्याच्याकडे वळली. मग त्याचा चेहरा पाहून तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

गिरीश व्यासपीठावरून पद्माकरकडे बघत होता. चेहऱ्यावर काही नाही. “प्रश्न?” त्यानं विचारलं.

पद्माकरचा हात खिशात कागदावर होता. तो तिथेच राहिला.

तिघं घरी आले. सुलक्षणानं चहा टाकला आणि काहीतरी आणायच्या निमित्तानं शिल्पाला घेऊन दुकानात गेली. ती शहाणी बाई होती.

“कधीपासून माहीत होतं?” पद्माकरनं विचारलं.

“पहिल्या मेलपासून. अरे, हॅरिस नावाच्या माणसाला दोडका कुठून ठाऊक असणार?” गिरीशनं बिस्कीट चहात बुडवलं. “मला वाटलं तू गंमत करतोयस. चौथ्या-पाचव्या मेलला कळलं की गंमत नाहीये.”

“मग बोलला का नाहीस? चार वर्षं!”

“बोललो असतो तर तू थांबला असतास. पद्माकर म्हणून लिहिलं असतंस तर मित्र म्हणून दोन बग दाखवले असतेस, ‘ग्रेट रे’ म्हणाला असतास, फिनिश. हॅरिसनं एकेचाळीस दाखवले. इतकं कसून दुसरं कोण वाचणार होतं? आय नीडेड हॅरिस.”

“म्हणजे वापरून घेतलंस मला.”

“घेतलं,” गिरीश म्हणाला. “आणि तू मला सगळ्यांसमोर आडवा पाडायला बघत होतास. फेअर इनफ, नाही का?”

पद्माकरनं चहा ओतून घेतला, त्यात साखर घालायला विसरला आणि तसाच प्यायला. गिरीशनं रागावावं, चार शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटत होतं. माणूस एवढा शांत कसा राहू शकतो, याचाही त्याला हेवा वाटला.

“माझं नाव,” तो शेवटी म्हणाला. “हॅरिसच्या जागी माझं नाव घालशील?”

“मी हातानं कुणाचं नाव बदलत नाही रे, तुला माहितेय. पॅच पाठव. लिस्टवर, सगळ्यांना दिसेल असा. रूल सगळ्यांना एकच.”

पॅच म्हणजे दुरुस्तीचं चिटोरं. जी ओळ काढायची तिच्यापुढे वजाची खूण, जी घालायची तिच्यापुढे अधिकची. पद्माकरनं आयुष्यात असे हजार पॅच केले असतील. हा दोन ओळींचा पॅच करायला त्याला तीन आठवडे लागले. वजाच्या ओळीत ‘डी. हॅरिस, इंग्लंड’. अधिकच्या ओळीत ‘पद्माकर टिपणीस, बेसिंगस्टोक’. कारण लिहायच्या जागी त्यानं लिहिलं, ‘नाव चुकीचं पडलं आहे.’ आणि एका रविवारी सकाळी, सुलक्षणा मागे उभी असताना, पाठवून दिला.

दुपारपर्यंत म्युनिकच्या जर्मनाचं पत्र लिस्टवर आलं. ‘हे श्रीयुत टिपणीस कोण? यांनी आजवर एकही चूक दाखवलेली नाही. एकेचाळीस चुका दाखवणाऱ्या माणसाचं नाव खोडून तिथे स्वतःचं घालायला निघालेत! इतका हेवा बरा नव्हे. हॅरिस स्वतः असलं कधीच करणार नाही.’ खाली आणखी सहा जणांनी त्याला दुजोरा दिला होता. एकानं तर हॅरिसनं पुढे येऊन आपली बाजू मांडावी अशी विनंती केली होती.

पद्माकरनं ते पत्र दोनदा वाचलं. “बघ,” तो सुलक्षणाला म्हणाला, “सगळे हॅरिसच्या बाजूनं आहेत.”

“असणारच,” सुलक्षणा म्हणाली. “तो चार वर्षं त्यांच्याशी बोलतोय. तुम्ही आज पहिल्यांदा तोंड उघडलंत.”

गिरीशला फोन केला असता तर त्यानं एका ओळीत सगळं मिटवलं असतं. पद्माकरनं रिसीव्हर उचलला आणि ठेवला. आपलं नाव गिरीशच्या मेहेरबानीनं लागलेलं त्याला बघवलं नसतं. मग तो खुर्चीवर बसला आणि त्यानं लिस्टवर लिहिलं. यावेळी इंग्रजी आखूड केलं नाही, करडं केलं नाही.

‘हॅरिस मीच. गिरीश माझा जुना मित्र आहे. हेच काम मी त्याच्या आधी केलं होतं आणि कपाटात ठेवलं होतं. त्याचं नाव झालं, ते मला बघवलं नाही. म्हणून खोट्या नावानं त्याच्या चुका काढत बसलो. हेवा होता, हे बरोबर आहे. पण चुकाही सगळ्या खऱ्या आहेत. माझं हत्यार सोबत जोडलं आहे. त्याचं नाव चाळणी. अजून पूर्ण झालेलं नाही. पद्माकर टिपणीस.’

डब्यातल्या फ्लॉप्यांपैकी दोन खराब निघाल्या होत्या; बाकीच्यांवरचा सगळा कोड त्यानं खरोखरच जोडला. त्यानं बटण दाबलं आणि सुलक्षणाचा हात धरला.

दोन दिवस लिस्टवर कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी जर्मनाचं एका ओळीचं पत्र आलं. ‘चाळणीच्या तीनशे बाराव्या ओळीवर एक चूक आहे, ती अशी.’ आणि खाली अकरा ओळींचा नमुना होता. भाज्यांची नावं घालून! पडवळाचं स्पेलिंग चुकलं होतं.

झाऱ्याची नवी आवृत्ती सप्टेंबरात आली. शिल्पानं थँक्स फाइल छापून काढली आणि फ्रिजवर चिकटवली. पहिली ओळ, ‘पद्माकर टिपणीस, बेसिंगस्टोक’. पद्माकर ऑफिसातून आला आणि हातात ब्रीफकेस तशीच धरून फ्रिजसमोर उभा राहिला. नाव बरोबर होतं. काना-मात्रा नसलेल्या लिपीत जेवढं बरोबर असू शकतं तेवढं. त्यानं ते पुन्हा वाचलं. मग त्याची नजर कागदाच्या माथ्यावर गेली. तिथे, चौकटीत, मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं: झारा, कर्ता गिरीश वर्तक.

डाव्या बरगडीखाली कळ आली. पद्माकरनं ब्रीफकेस खाली ठेवली, पांढऱ्या औषधाचा एक चमचा घेतला आणि वर जाऊन मशीन सुरू केलं. बेचाळिसावं भोक दाखवायचं अजून बाकी होतं. पत्राच्या वरच्या बाजूला ‘चूक कळवणारा’ असं लिहिलं होतं, त्याच्यापुढे त्यानं आधी स्वतःचं नाव टाकलं आणि मगच पहिली ओळ लिहिली: शेपू बरोबर शून्य.